साठ मुलं, एक फोन आणि दशांश चिन्ह

सोलापूरच्या पूर्व भागातली एक अनुदानित शाळा. मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. असं प्रकरण अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत कुठल्याही शाळेत घडू शकतं. बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळणारी. मराठी ही पोरं फर्डी बोलतात, भांडतातही मराठीतच. पुस्तकातल्या मराठीशी मात्र त्यांची गाठ शाळेच्या फाटकाच्या आतच पडते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एका ठिकाणी सगळं त्याच्यावरच अडणार आहे.

प्रकरण सहावीच्या एका तुकडीचं. पटावर साठच्या आसपास मुलं. गणित शिकवणाऱ्या बाई अनुभवी, वर्गावर पकड असलेल्या. दशांश अपूर्णांकांचा धडा त्यांनी नीट शिकवला होता, उदाहरणसंग्रह सोडवून घेतले होते, वह्याही तपासल्या होत्या. तरी घटक चाचणीत ‘चढत्या क्रमाने लिहा’ हा साधा प्रश्न वर्गाच्या मोठ्या भागानं चुकवला. आणि चुका अंदाधुंद नव्हत्या. पेपरामागून पेपर एकच चूक : ०.५ आधी, ०.३५ नंतर, ०.१२५ सगळ्यांत शेवटी.

बाईंची तक्रार मुलांबद्दल नव्हती. “हे मला पेपर तपासताना कळलं. तोवर पुढचा धडा अर्धा होऊन गेला होता. शिकवतानाच कळलं असतं तर?”

वर्गात प्रश्न विचारला की हात वर होतात ते ठरावीक आठ-दहा मुलांचे. उरलेली पन्नास मुलं काय समजून बसली आहेत हे बाईंना दिसायचं ते चाचणीतच, म्हणजे उशिरा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साठ वह्यांत डोकावणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामानं मी त्या शाळेत जात होतो, म्हणून हे सगळं जवळून पाहता आलं.

शाळेत काय होतं, मुख्याध्यापकांना काय हवं होतं

सामान तसं कमी नव्हतं. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला एक मोठा एलईडी टीव्ही होता, पण तो सभागृहात. एक प्रोजेक्टर होता. पूर्वेकडच्या खिडक्यांना पडदे नसल्यामुळे सकाळच्या सत्रात त्याचं चित्र भिंतीवर जेमतेम दिसायचं. संगणक कक्षात थोडी यंत्रं सुरू होती आणि त्यावर नववी-दहावीचा हक्क. शिक्षकांकडे स्वतःचे फोन. मुलांकडे अर्थातच काही नाही.

मुख्याध्यापकांच्या डोक्यात स्मार्ट बोर्ड होता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दरवर्षी पाचवीचा पट भरायचा असतो, पालक दोन शाळा बघून तिसरीत नाव घालतात, आणि शेजारच्या इंग्रजी शाळेच्या फ्लेक्सवर ‘डिजिटल क्लासरूम’ असं ठळक छापलेलं असतं. देणगीचे थोडे पैसे शिल्लक होते, ते बोर्डाकडे वळवावेत असं संस्थेत चाललं होतं.

त्यात हा सोलापूर जिल्हा. इथे डिजिटल शिक्षणाचा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत परितेवाडी येतेच. माढा तालुक्यातल्या त्या छोट्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यांच्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून धडे त्या भाषेतही आणले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. अभिमान वाटावा असंच हे काम आहे. पण परितेवाडीचं नाव घेऊन जो तो ‘मुलांना काय दाखवायचं’ याच्याच मागे लागतो. त्या मुलांना काय अडतं हे तिथल्या शिक्षकानं आधी ओळखलं होतं, हे कुणी आठवत नाही.

बाईंनी दाखवण्याचे प्रयोग केलेही होते. २०१७ च्या शिक्षक दिनी सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी मंचावरचा दशांश अपूर्णांकांचा व्हिडिओ त्यांनी सभागृहात दाखवला. वर्ग शांत बसला, मुलांना आवडलाही. प्रश्न तिथेच राहिला. व्हिडिओ फळ्यासारखाच एकतर्फी. मुलाच्या डोक्यातलं काही त्यातून उलट येत नाही.

मग उलट आणणारं काय? पहिला विचार गूगल फॉर्म्सचा. फुकट आहे, मराठीत प्रश्न टाकता येतात, उत्तरं आपोआप तपासली जातात. पालकांच्या गटावर दुवा पाठवला. उत्तरं आली ती मूठभर, आणि त्यातली काही रात्री अकरानंतर. कारण उघड होतं. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर पाळीला जातो आणि त्यांच्याबरोबरच परत येतो. शिवाय फॉर्म नक्की कोणी भरला, मुलानं की मोठ्या बहिणीनं, हे कळायला मार्ग नाही. कहूटसारखे ऑनलाइन प्रश्नमंजुषेचे खेळही असेच बाद झाले. त्यांची मजा प्रत्येकाच्या हातात काहीतरी असेल तेव्हाची.

साठ जणांना एक फोन पुरेल असं काहीतरी हवं होतं.

कार्डं

प्लिकर्स नावाचं साधन बाईंना असंच शोधता शोधता सापडलं. त्याची युक्ती अशी की मुलाच्या हातात फक्त कागद असतो. प्रत्येक कार्डावर एक काळी-पांढरी चौकोनी आकृती, क्यूआर कोडसारखी पण ठसठशीत, आणि प्रत्येक कार्डाची वेगळी. आकृतीच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तर बी वाटत असेल तर बी ची बाजू वर करून कार्ड छातीपाशी धरायचं. शिक्षकानं फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. कोणतं कार्ड, म्हणजे कोणता मुलगा, आणि कोणती बाजू वर, म्हणजे कोणतं उत्तर, हे दोन्ही ॲप एकदम टिपतं. बरोबर उत्तर हिरवं, चूक लाल, आणि कोणत्या पर्यायाला किती कार्डं हेही लगेच दिसतं. सराव झाल्यावर साठ कार्डं टिपायला एखादं-दीड मिनिट पुरतं.

खातं मोफत उघडता येतं. कार्डांची पीडीएफ उतरवून घ्यायची. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, मोठ्या वर्गासाठी ६३ चा. जाड कागदावर ते छापून घ्यायला झेरॉक्सवाल्यानं घेतलेले पैसे एवढाच रोख खर्च. तेच संच सगळ्या तुकड्यांना चालतात, कारण क्रमांक तेच राहतात, मागची यादी तेवढी बदलते.

पडल्या-धडपडल्या गोष्टी सांगून टाकतो, कुणाला उपयोग होईल. कार्डं टिकावीत म्हणून पहिला संच चकचकीत लॅमिनेट केला. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकायला लागला आणि मागच्या रांगांची कार्डं वाचली जाईनात. नंतरचा संच साध्या जाड कागदावर, त्यामागे जुन्या वह्यांचे पुठ्ठे. मुलं आकृतीवर बोटं ठेवतात, मग कॅमेरा आंधळा होतो. दोन्ही हातांनी कडेला धरायची सवय लावावी लागते. ॲपमधले शब्द इंग्रजी आहेत, प्रश्न मात्र देवनागरीत नीट उमटतात. फोनला इंटरनेट हवं. आणि मोफत खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न बसतात. ही मर्यादा मला फार आवडली, कारण बाईंचा पहिला उत्साह वीस प्रश्नांचा होता.

पोरांना कार्डं पहिल्याच दिवशी आवडली, त्याचं कारण बाईंनी धरलेलं नव्हतं. शेजाऱ्याचं उत्तर दिसत नाही. अक्षरं इतकी बारीक की पुढच्या बाकावरच्यालाही वाचता येत नाहीत. मागे बसणारी, कधीच हात वर न करणारी एक मुलगी तासिकाभर कार्ड धरून होती आणि तिची निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर होती. बाईंना ती ‘कच्ची’ वाटत होती.

हिरवा रंग

आता या प्रकरणाचा गाभा. पहिला प्रश्न असा टाकला होता : सर्वांत मोठी संख्या कोणती? ०.५, ०.३५, ०.१२५, की सगळ्या सारख्या?

फोन लाल झाला. कार्डांचा मोठा गठ्ठा ०.१२५ वर. बाईंनी एका मुलाला सहज विचारलं, तर तो निवांत म्हणाला, “एकशेपंचवीस मोठं हाय की बाई.”

त्याचं बरोबरच होतं, त्याच्या हिशेबानं. आपण सगळेच ही संख्या ‘शून्य पॉइंट एकशेपंचवीस’ अशी वाचतो. दुकानात, वर्गात, गणिताचे शिक्षकसुद्धा. कानावर एकशेपंचवीस पडलं की पाच त्यापुढे किरकोळच वाटणार. त्या दिवसापासून बाईंनी ‘शून्य दशांश चिन्ह एक दोन पाच’ असं वाचायची शिस्त लावली. मग फळ्यावर दशांश, शतांश, सहस्रांश स्थानं पुन्हा काढली. सहस्रांश म्हणजे किती बारीक तुकडा, हे कागदाच्या पट्ट्या कापून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न थोडा बदलून विचारला : ०.७, ०.४५, ०.२३८. फोन जवळजवळ पूर्ण हिरवा. बाई खूश. मुख्याध्यापकांना बोलावून दाखवलं, तेही खूश.

इथेच थांबले असते तर हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं नसतं.

शंका काढली ती शाळेतल्याच विज्ञानाच्या सरांनी. ते म्हणाले, बाई, तुमच्या दोन्ही प्रश्नांत जिला सगळ्यांत कमी आकडे तीच संख्या सगळ्यांत मोठी आहे. पोरांनी तेवढंच धरलं असेल तर? म्हणून तिसऱ्या दिवशी प्रश्न टाकला : ०.४, ०.६२, ०.३८५.

यात तीन वाटा तीन ठिकाणी जातात. आकडे जास्त ते मोठं असं मानणारा मुलगा ०.३८५ वर जाईल. आकडे कमी ते मोठं असं मानणारा ०.४ वर. स्थानाची किंमत खरोखर कळलेला ०.६२ वर. फोनवर काय दिसलं? ०.३८५ वर फार थोडे उरले होते. ०.४ वर मात्र वर्गाचा चांगला मोठा भाग उभा होता. काल हिरवी असलेली मुलं आज लाल.

म्हणजे मुलांनी एक चुकीचा नियम टाकून दुसरा चुकीचा नियम उचलला होता, आणि तो उचलायला आपल्याच पट्ट्यांनी मदत केली होती. सहस्रांश फार बारीक, म्हणून ज्यात सहस्रांश आहे ती संख्या बारीक, असा त्यांचा निष्कर्ष. मुलं दशांशात या दोन्ही वाटांनी चुकतात ही गणित शिकवण्याच्या अभ्यासातली जुनी, ठाऊक गोष्ट आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या वर्गात कोणत्या हजेरी क्रमांकाचं मूल कोणत्या वाटेनं चुकतंय हे त्याच तासाला दिसणं वेगळं.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. त्या दोन दिवसांत ॲपनं काहीच चूक केली नाही. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चोख मोजलं. प्रश्नच पोकळ होता. फुकट साधनांच्या प्रशिक्षणांत कोणतं बटण कुठे आहे हे दोन तास शिकवतात आणि चुकीचे पर्याय कसे घडवायचे हे पाच मिनिटंही नाही. खरं काम तिथे आहे. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरा गैरसमज उभा असला पाहिजे, नाहीतर लाल रंग दिसून करायचं काय? ‘सगळ्या सारख्या’ हा पर्याय बाईंनी चार भरायचे म्हणून टाकला होता. त्यावर कुणी गेलं नाही आणि त्यातून काही कळलंही नाही.

चौथ्या दिवशी दुसरं फुकट साधन कामाला आलं, जिओजेब्रा नावाचं गणिताचं ॲप. २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी आपल्या पदव्युत्तर अभ्यासात ते सुरू केलं. शाळेच्या वापरासाठी मोफत आहे आणि एकदा फोनवर घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. बाईंनी त्यातलं बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त आडवा अक्ष वापरला. वर्ग सभागृहात नेला, फोन टीव्हीला जोडला. पडद्यावर ० आणि १. दोन बोटांनी ताणलं की मधे ०.१, ०.२ असे टप्पे उगवतात. ०.३ आणि ०.४ च्या मधे आणखी ताणलं की ०.३१, ०.३२. आणखी ताणलं की ०.३८ आणि ०.३९ च्या मधे ०.३८५ सापडतो. मग उलट आकसत मागे यायचं आणि बघायचं, आपण ०.४ च्या अलीकडेच फिरत होतो, ०.६२ तर केव्हाचा पुढे राहिला.

ताणायला प्रत्येकाला पुढे यायचं होतं. आवाज वाढला, शेजारच्या वर्गाची तक्रार आली.

टीव्हीवर जे दिसलं ते हाताला लागावं म्हणून बाईंनी एका मुलाच्या घरून कापड मोजायची मीटरपट्टी मागवली. ०.४ मीटर म्हणजे ४० सेंटिमीटर, ०.६२ म्हणजे ६२, ०.३८५ म्हणजे साडेअडतीस. टॉवेलच्या कारखान्यात सुट्टीत जाऊन बसणाऱ्या मुलांना हे सांगावं लागलं नाही. साडेअडतीस आणि बासष्ट यांत काय फरक हे त्यांचा हातच सांगत होता. पुढच्या फेरीत ०.६ च्या बाजूला ०.५८ आणि ०.७०९ असे मिसळलेले प्रश्न होते. बहुतेक कार्डं बरोबर वळली. काही वळली नाहीत. ती कोणाची हे आता बाईंना ठाऊक होतं, आणि मधल्या सुट्टीत तेवढ्यांनाच बोलावता येत होतं.

‘आखूड’

याच फेऱ्यांत एक गोष्ट अनपेक्षित निघाली. नुसत्या संख्यांचा प्रश्न बरोबर सोडवणारी काही मुलं शाब्दिक उदाहरणात हमखास चुकत होती. प्रश्न होता : एका टॉवेलची लांबी १.५ मीटर आणि दुसऱ्याची १.३५ मीटर, कोणता टॉवेल आखूड? बाईंनी चुकणाऱ्यांचे क्रमांक एका कागदावर लिहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की घरी तेलुगू बोलणारी मुलं त्यात फार आहेत. दुसऱ्या दिवशी ‘आखूड’ काढून ‘छोटा’ घातलं. बरीच कार्डं बरोबर वळली.

गणिताच्या पेपरात हाच लाल शेरा ‘दशांश कच्चे’ म्हणून जमा झाला असता.

त्यावरून मराठीच्या बाईंनी सूत्र हातात घेतलं. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुलांची सचित्र पुस्तकं मोफत मिळतात, उतरवून छापायलाही परवानगी आहे, आणि मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूतही. एकच गोष्ट मराठीत वर्गात वाचायची आणि तीच तेलुगूत टीव्हीवर लावायची, असं त्यांनी काही दिवस केलं. पोरं बोलायला तेलुगू पक्की, पण लिपी बऱ्याच जणांना येत नाही, त्यामुळे तेलुगू वाचायला घरून आजोबांना बोलवावं लागलं. त्याचा परिणाम किती झाला हे मोजायला कोणतंच कार्ड नव्हतं. मुलं मराठी शब्द विचारायला लागली, एवढं मराठीच्या बाई सांगतात.

विज्ञानाच्या सरांनी स्वतःसाठी फेट निवडलं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. त्यातली विद्युत परिपथाची जोडणी मराठीतही आहे आणि उतरवून ठेवली की वीज असेपर्यंत इंटरनेटविना चालते. तो वेगळा विषय आहे.

भिंतीवरची यादी

कार्डांचे अहवाल पाहून मुख्याध्यापकांना एक कल्पना सुचली. प्रत्येक आठवड्याला पहिल्या दहांची आणि शेवटच्या दहांची यादी सूचना फलकावर लावायची, पालक सभेतही दाखवायची. आकडे आयते मिळत होते, छापायला वेळही लागला नसता.

बाई ठाम नको म्हणाल्या. त्यांचा मुद्दा भावनेचा कमी आणि कामाचा जास्त होता. आज पोरं खरं उत्तर देतात कारण चुकलं तर काही बिघडत नाही. यादी लागली की दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या हुशार मुलाला हळूच विचारून कार्ड फिरवतील, आणि फोन पुन्हा हिरवागार होईल. मग आपल्याला काहीच कळणार नाही. मागच्या रांगेतली ती मुलगी तर कार्डच उचलणार नाही.

आणखी एक अडचण मी पुढे केली. मुलांची माहिती आपण कुठल्यातरी परक्या कंपनीच्या खात्यात भरत असतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती धरली आहे. म्हणून ॲपमध्ये नावं टाकायचीच नाहीत असं ठरलं. फक्त हजेरी क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा हे हजेरीपटात आहेच, आणि हजेरीपट शाळेच्या कपाटात. मुख्याध्यापकांना हे पटलं की नाही सांगता येत नाही; त्यांना त्रास नको होता. पालक सभेत त्यांनी वर्गाचा एकत्रित आलेख दाखवला : पहिल्या दिवशी कोणत्या पर्यायावर किती कार्डं, शेवटच्या फेरीत किती. एका आईनं विचारलं, यात माझं पोरगं कुठलं? बाईंनी सभा संपल्यावर तिला एकटीला सांगितलं.

फुकटची बिलं

साधनं फुकट होती. खर्च कोणावर पडला हे पाहिलं तर बहुतेक बाईंवर. फोन त्यांचा, नेट त्यांचं, रात्री फोनच्या जीबोर्ड कळफलकावर मराठी प्रश्न टंकायचा वेळ त्यांचा. फोन टीव्हीला जोडलेला असताना घरून आलेला ‘दळण आणलं का’ हा संदेश साठ मुलांनी मोठ्यानं वाचला. त्यानंतर त्या जोडण्याआधी फोन विमान मोडवर टाकू लागल्या, जिओजेब्राला नेट लागत नाही म्हणून ते जमतं. एका दुपारी वीज गेली तेव्हा टीव्ही बंद, पण कार्डं चालली, हा एक हिशेब मात्र कागदाच्या बाजूनं पडला. सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला चांगल्या प्रश्नांनी. नीट घडवलेला एक प्रश्न म्हणजे अर्धा तास, असं बाई म्हणतात. मला ते कमीच वाटतं.

फुकट साधनाचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. ते केव्हाही आटू शकतं. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा किती शिक्षकांनी कोविडच्या काळात अंगवळणी पाडला होता. ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंद झाला. आज मोफत असलेली सोय उद्या पैशाच्या खात्यात जाऊ शकते. म्हणून बाईंनी प्रश्न ॲपमध्ये ठेवण्याआधी दुरेघी वहीत लिहिण्याची पद्धत ठेवली : डावीकडे प्रश्न, उजवीकडे प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर ‘हा निवडला तर मूल काय समजतंय’. ॲप गेलं तरी वही राहील, आणि वेळ पडली तर चार रंगांचे कागद वर करूनही निम्मं काम होतं. कोणी कोणता रंग धरला ते टिपलं जाणार नाही, आणि शेजाऱ्याचं उत्तर दिसेल, एवढाच तोटा. तो लहान नाही.

ही वही आता गणित शिकवणाऱ्या इतर शिक्षकांकडे फिरते. दोघांनी त्यात अपूर्णांकांचे आणि ऋण संख्यांचे प्रश्न वाढवले आहेत. एका सरांनी ‘वेळ नाही’ म्हणून परत दिली, आणि त्यांचं खोटं नाही. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या आणि पोषण आहाराच्या नोंदी यातून त्यांना खरंच वेळ नसतो.

देणगीचे पैसे

राहता राहिला स्मार्ट बोर्डाचा प्रश्न. संस्थेच्या बैठकीत बाईंना बोलावलं होतं. त्यांनी भाषण केलं नाही. सभासदांना कार्डं वाटली आणि ०.४, ०.६२, ०.३८५ चा प्रश्न विचारला. फोन कोणाकडे वळवला नाही, निकालही वाचून दाखवला नाही. एका वयस्कर सभासदानं मात्र स्वतःहून सांगितलं की त्यांनी ०.४ धरलं होतं.

बोर्ड पुढच्या वर्षावर गेला. रद्द झालेला नाही. शिल्लक पैशातून दोन खोल्यांच्या पूर्वेकडच्या खिडक्यांना जाड पडदे, प्रोजेक्टरसाठी लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, कार्डांचे तीन संच आणि शाळेच्या नावावर एक मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन घेतला. सिमचा रिचार्ज सादिल, म्हणजे किरकोळ खर्चात धरला आहे. फोन कार्यालयातल्या कपाटात असतो, तासिकेपूर्वी वहीत सही करून न्यायचा आणि मधल्या सुट्टीत परत आणून चार्जिंगला लावायचा. पहिल्या महिन्यात त्या वहीत सहावीच्या बाई, विज्ञानाचे सर आणि, कुणालाच अपेक्षा नसताना, चित्रकलेच्या मॅडम यांच्या सह्या होत्या. त्या कार्डं कशासाठी नेतात हे अजून विचारायचं आहे.